जावयाच्या जीपखाली

जावई त्या शनिवारी सकाळी जीप घेऊन आला, फाटक स्वतःच उघडलं आणि गाडी थेट मागच्या अंगणात नेली. एरवी तो ती पुढे रस्त्यावर लावतो, शेजाऱ्यांना दिसेल अशी. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. तो उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारली, परत जाऊन फाटक लावून आला आणि मागच्या दाराने घरात शिरला. मुलीच्या लग्नाला तीन वर्षं होत आली होती. जावई मागच्या दाराने कधी आला नव्हता.

“आई, एक काम होतं,” तो म्हणाला. “चहा घेतो आणि सांगतो.”

काम सांगण्याआधी चहा मागणारी माणसं मला नवी नाहीत. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. स्वतःच्या चुकीने पंपाचं बेअरिंग जाळलेला माणूस वर्कशॉपमध्ये येऊन तसं कधी सांगायचा नाही. तो आधी चहा मागवायचा, मग मुलाबाळांची चौकशी करायचा, आणि मग म्हणायचा की पंप जरा आवाज करतोय. आमचे हे गणिताचे मास्तर होते. ते म्हणतात, तुला प्रत्येक गोष्टीखाली वाकून बघायची खोड लागलीय. असेल. पण वाकून बघितल्याशिवाय गळती सापडत नाही.

जीप जावयाने जुनीच घेतली होती. डिझेलची, चारही चाकांवर चालणारी. काही महिन्यांतच त्याने तिला लांब स्प्रिंगा आणि जाड नक्षीचे मोठे टायर बसवून घेतले. गाडी इतकी उंच झाली की मला चढता यावं म्हणून तो प्लास्टिकचं स्टूल सोबत ठेवायचा. “कशाला हो इतकी उंच?” मी तेव्हा विचारलं होतं. “ऑफरोडिंगला,” मुलगी मधेच म्हणाली. “यांचे मित्र सुट्टीला पेठच्या बाजूला डोंगरात जातात ना.” प्रश्न त्याला होता आणि उत्तर तिने दिलं, हे मी लक्षात ठेवलं.

उंच केल्यापासून जीप रस्त्यावर सरळ चालत नव्हती. मी एकदा तिच्यातून द्वारका चौकापर्यंत गेले होते. जावई स्टिअरिंग सारखं इकडेतिकडे करत होता, आणि शेजारून ट्रक गेला की गाडी त्याच्या अंगावर जाऊ बघायची. कारण समजायला अवघड नव्हतं. जीपचा पुढचा अ‍ॅक्सल दोन लांब लोखंडी दांड्यांनी चासीला बांधलेला असतो. गॅरेजवाले त्यांना आर्म म्हणतात. गाडी उंच केली की चासी वर जाते, अ‍ॅक्सल खालीच राहतो आणि आर्म तिरके होतात. त्यांच्याबरोबर अ‍ॅक्सलही जरासा फिरतो, आणि वळण संपल्यावर चाकं आपोआप सरळ होतात ते होणं बंद पडतं. उपाय म्हणजे आर्म चासीला जिथे जोडलेला असतो तिथे एक जाड ब्रॅकेट बसवायचं आणि आर्मचं टोक खाली आणायचं. ड्रॉप ब्रॅकेट म्हणतात त्याला.

“ती ब्रॅकेटं आलीत कुरिअरने,” चहा झाल्यावर जावई म्हणाला. “तुमच्या शेडमध्ये बसवू या का?”

“ज्याने गाडी उंच केली तो गॅरेजवाला?”

“त्याला वेळ नाही.”

“आणि तुमच्या कंपनीत? तिथे तर फिटर, वेल्डर सगळे आहेत.”

“घरचं काम घरीच बरं, आई.”

अंबडच्या ज्या कारखान्यात तो क्वालिटीत आहे, तिथली माणसं एकमेकांच्या गाड्या सुट्टीच्या दिवशी हौसेने खोलतात, हे त्यानेच मला पूर्वी सांगितलं होतं. आता त्याला दुसऱ्या कोणी गाडीखाली बघायला नको होतं. मी नोकरीतला निळा डगला अंगात घातला आणि केस रुमालात बांधले.

ब्रॅकेटं आधी हातात घेऊन पाहिली. विकणाऱ्यावर माझा विश्वास नव्हता. वेल्डिंगवर बोट फिरवलं, हातोडीने हलकेच ठोकून आवाज ऐकला, भोकं मोजली. कुठेच खोट सापडली नाही, याचं मला थोडं वाईटच वाटलं.

मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, पुढून गाडी जॅकने उचलली, चासीखाली लोखंडी घोड्या दिल्या आणि अ‍ॅक्सलला दुसऱ्या जॅकचा आधार ठेवला. माझी एकच अट होती, एका वेळी एकच बाजू खोलायची. दोन्ही आर्म एकदम सोडले की अ‍ॅक्सल जागचा हलतो आणि मग भोकं जुळवताना नाकी नऊ येतात. पोतं अंथरून मी खाली सरकले.

“आई, तुम्ही बाहेरून सांगा, मी करतो,” जावई संकोचून म्हणाला.

“तुम्ही पान्हे द्या.”

सासू गाडीखाली आणि जावई शेजारी उकिडवा बसून पान्हे देतोय, हे बघायला शेजारच्या बाई कपडे वाळत घालण्याच्या निमित्ताने दोनदा कुंपणाशी येऊन गेल्या.

नट गंजला होता. तेल मारून ठेवलं, थोडं थांबलो, मग पान्ह्याला पाइप घालून जोर लावला. कर्र करून तो सुटला. बोल्ट मी मागून ठोकत ठोकत बाहेर काढला आणि त्याच्या पाठोपाठ वाळू आली. चासीच्या पोकळीतून, धार लागल्यासारखी. माझ्या गळ्यावर, कॉलरमध्ये, कानात.

मी ती तळहातावर घेतली. पेठच्या डोंगरात माती लाल असते, कपड्याला लागली की धुतली तरी डाग राहतो. निफाडकडची काळी, वाळली की खपल्या निघतात. ही दोन्ही नव्हती. करडी, धुतलेली, गोल दाण्याची वाळू होती आणि तिच्यात शिंपल्यांचे बारीक पांढरे तुकडे होते. आतली अजून ओलसर होती.

“एवढी वाळू कुठून आली?” मी खालूनच विचारलं.

“डोंगरात ओढे लागतात ना.”

डोंगरातल्या ओढ्यात दगडगोटे असतात. नदी रुंद आणि संथ होते तिथे अशी वाळू सापडते. पण मी म्हटलं, “हो, ओढे असतात,” आणि ब्रॅकेट मागितलं.

मागचे ठोकळे नीट बसलेत का बघते म्हणून मी मधेच मागे गेले. मागच्या हुकाचा रंग आतल्या बाजूने पार गेला होता आणि लोखंड चकाकत होतं. जड काहीतरी वारंवार ओढल्याशिवाय हुक असा घासत नाही. मी बोट लावून बघत असतानाच जावयाचा फोन वाजला. तो फोन घेऊन लिंबाच्या झाडापर्यंत गेला. घरात बोलताना तो शुद्ध बोलतो. तिकडे त्याचं बोलणं गावाकडचं झालं होतं.

“आज नाय जमायचं. गाडी खोललीय... किती खोल? ... बरं, उद्या बघू.”

परत आल्यावर त्याने माझ्याकडे न बघता पान्हा पुढे केला.

नदीकाठच्या गावांतून वाळू कशी उचलली जाते हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. परवाना नसतो, आणि सकाळी पात्रात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या असतात. त्यात एक काम नुसतं नजर ठेवण्याचंही असतं, असं मी ऐकून होते. सरकारी गाडी निघाली की तिच्या मागे राहायचं आणि ती कुठे वळली ते फोनवर कळवायचं. लोकेशन देणं म्हणतात त्याला. त्यासाठी बांधावरून, ओढ्यातून, कुठूनही जाईल अशी गाडी लागते. जावयाचं गाव सायखेड्याच्या पलीकडे, गोदावरीला लागून. आर्मचं टोक नव्या भोकाशी आणता आणता हे सगळं माझ्या डोक्यात जुळलं, आणि हात थांबला.

“काय झालं, आई?”

“काही नाही. भोक जुळत नाहीये. जॅक जरा वर घ्या.”

संध्याकाळपर्यंत एकच बाजू झाली. तो गाडी तशीच ठेवून रिक्षाने घरी गेला. तो गेल्यावर मी मुलीला फोन लावला. ती एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते, शनिवारी दुपारीच घरी येते.

“जीप घेऊन जावई कुठे जातात गं?”

“सांगितलं की तुला. डोंगरात.”

“कोणाबरोबर?”

“आई, तू ब्रॅकेट बसवतेयस की चौकशी?” ती हसली, पण हसणं लगेच संपलं. मग कुकरची शिट्टी झाली म्हणून तिने फोन ठेवला. मला शिट्टी ऐकू आली नव्हती.

उजेड होता तोवर मी जीपचं मागचं दार उघडून पाहिलं. कुलूप नव्हतं. आत एक जाड साखळी, दोन फावडी, लाकडी फळ्या आणि ओली पोती. तेवढ्यात आमचे हे माझ्या मागे येऊन उभे राहिले.

“काय शोधतेस?”

“जावई काय करतो ते.”

“क्वालिटीत आहे तो.”

“आठवड्यातले पाच दिवस.”

“आणि उरलेले दोन दिवस तुझ्या मुलीला सुखात ठेवतो,” हे म्हणाले आणि आत गेले. त्यांना मी सगळं सांगितलं नाही. संशय एकदा बोलून दाखवला की तो परत घेता येत नाही, आणि प्रश्न मुलीच्या घराचा होता.

रविवारी सकाळी जावई लवकर आला. दुसरी बाजू कशी खोलायची ते आता त्याला कळलं होतं, तरी मी खालीच होते. या बाजूनेही वाळू आली. दोघांनीही तिच्याविषयी काही म्हटलं नाही. ब्रॅकेट जुन्या जागी बसवलं, आत नळी घातली म्हणजे बोल्ट आवळताना पत्रा चेपत नाही, आणि आर्म खालच्या भोकात आणला. मग घोड्या काढून गाडी जमिनीवर घेतली. शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर असतानाच करायचं असतं, नाहीतर आर्ममधले रबरी बुश पिळलेल्या स्थितीत अडकतात आणि लवकर फाटतात. ब्रेकच्या नळ्यांना ताण येत नाही ना, हे स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाहिलं.

रस्त्यावर आणली तेव्हा जीप शहाण्यासारखी चालली. जावयाने वळणावरून बाहेर येताना हात सैल सोडले आणि स्टिअरिंग आपोआप मधे आलं. तो लहान मुलासारखा हसला. त्या हसण्यात लबाडी नव्हती, आणि म्हणून मी आणखीच गोंधळले.

“उद्या अलाइनमेंट करून घेतो,” तो म्हणाला. “तुमचे उपकार झाले, आई.”

“बोल्ट एकदा खराब रस्त्यावर नेऊन परत आवळावे लागतील. नवीन ब्रॅकेट बसतं तसा बोल्ट ढिला पडतो.” हे खरं होतं. “चला, जिथे नेहमी जाता तिथे जाऊ. मी येते.”

तो काही म्हणणार तोच फोन वाजला. या वेळी गाडीतच होता, त्यामुळे लांब जाता आलं नाही. पलीकडचा आवाज मला शब्दशः ऐकू येत नव्हता, पण घाई कळत होती.

“येतो,” जावई एवढंच म्हणाला. मग मला, “तुम्हाला घरी सोडतो. मला जरा गावाकडे जावं लागेल.”

“पान्हा माझ्याजवळ आहे. मी येते.”

मग त्याने जीप सायखेड्याच्या रस्त्याला घातली. द्राक्षं तोडणीला आली होती, बागांमध्ये माणसं वाकून काम करत होती, रस्त्याकडेला क्रेट रचलेले होते. त्याचं गाव मागे टाकून आम्ही उसाच्या कडेने खाली उतरलो आणि समोर नदीचं पात्र आलं. पाणी पलीकडच्या काठाला सरकलेलं, अलीकडे वाळूचा पट्टा. त्या पट्ट्यात एक ट्रॅक्टर मागच्या चाकापर्यंत रुतून बसला होता, मागे ट्रॉली. ट्रॉलीवर बागेतली हिरवी जाळी पसरलेली आणि खालून पाणी ठिबकत होतं.

तीन माणसं उभी होती. त्यातला एक जावयाचा थोरला भाऊ. मुलीच्या लग्नात सगळी धावपळ त्यानेच केली होती, आणि निघताना मला वाकून नमस्कार केला होता. मला उतरताना पाहून तो दोन पावलं मागे सरकला आणि मग हसत पुढे आला.

“मावशी? तुम्ही इकडं कशा काय?”

“गाडीचं काम केलंय आम्ही. कसं झालंय ते बघायला आले.”

“बरं केलं. ऊन लय हाय, तिकडं बाभळीखाली बसा. पाच मिनटात मोकळं होतो.”

मी बसले नाही. जाळीखाली काय आहे हेही विचारलं नाही, एका कोपऱ्यातून दिसतच होतं. जावई साखळी काढायला गेला. साखळी हातात घेऊन तो ट्रॉलीपाशी थांबला.

“दादा, आधी रिकामी कर.”

“काय?”

“रिकामी कर. भरलेली ओढत नाय मी.”

भाऊ त्याच्याकडे बघतच राहिला. तिथला एक गडी हसून म्हणाला, “आन मागच्या टायमाला? भरलेलीच वढली की.”

भावाने त्या गड्याकडे असं बघितलं की त्याने मान खाली घालून फावडं उचललं. जावयाचे कान लाल झाले होते. तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि साखळीची कडी विनाकारण उघडबंद करत राहिला.

वाळू परत नदीत टाकायला बराच वेळ लागला. दोघं गडी फावड्याने ओढत होते, भाऊ बांधावर जाऊन विडी ओढत बसला. मी उन्हात उभी होते आणि मला एकच गोष्ट कळत नव्हती. हा माणूस आज माझ्यामुळे हे करतोय, की करायचं त्याच्या मनात आधीपासून होतं आणि माझं निमित्त झालं?

ट्रॉली रिकामी झाल्यावर त्याने चाकांपुढे फळ्या टाकल्या, साखळी जोडली आणि जीप हळूहळू पुढे घेतली. साखळी ताणली गेली, जीपचं नाक वर उचललं गेलं, आणि ट्रॅक्टर एकदा डुलून बाहेर आला. मी तेव्हा वाळूकडे बघत नव्हते, भावाकडेही नाही. माझी नजर ब्रॅकेटवर होती. ती जागची हलली नाहीत. मला बरं वाटलं, आणि असं बरं वाटण्याचा रागही आला.

मग मी पोतं मागितलं, तिथेच वाळूवर अंथरलं आणि जीपखाली शिरले. बोल्ट थोडा थोडा आवळला गेला, दोन्हीकडचा. भाऊ शेजारी येऊन उकिडवा बसला. मला त्याच्या चपला आणि गुडघे दिसत होते.

“मावशी, घरी चला. जेवल्याबिगर कसं जाता?”

“आज नको.”

“राग धरला का?”

“जरा पान्हा द्या तेवढा, मोठा,” मी म्हटलं. त्याने दिला.

परत येताना गाव मागे पडेपर्यंत मी थांबले. मग सरळ विचारलं, “लोकेशन देता का तुम्ही?”

“काय?” त्याने जीप कडेला घेऊन थांबवली. “नाही, आई. शपथ.”

“शपथ नको. काय करता ते सांगा.”

त्याने सांगितलं. पहिल्यांदा भावाचा ट्रॅक्टर रुतला तेव्हा तो नुसताच गावी गेला होता, जीप जवळ होती म्हणून ओढली. मग पुन्हा बोलावणं आलं. मग भावाच्या ओळखीतल्या दुसऱ्याचा रुतला. जीपचं पोट वाळूला घासायला लागलं म्हणून गाडी उंच केली. डोंगरात तो मित्रांबरोबर दोनदाच गेला होता, तिथलेच फोटो मुलीने मला पुन्हा पुन्हा पाठवले होते.

“वडील गेले तेव्हा दादाने शाळा सोडली,” तो म्हणाला. “म्हणून मी शिकलो. त्याला नाही कसं म्हणू?”

“आज म्हणालात.”

“आज तुम्ही होतात.”

हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं.

मी त्याला म्हटलं, घरी नको, तुमच्याकडे चला. मुलीने दार उघडलं. माझा निळा डगला, केसांतली वाळू, मागे उभा असलेला नवरा, हे सगळं एका नजरेत बघून तिने विचारलं, “कळलं?”

तिचा तो एक शब्द मला नदीवरच्या सगळ्या प्रकारापेक्षा जास्त लागला. मी खुर्चीवर बसले. जावई हातपाय धुवायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

“तुला आधीपासून माहीत होतं.”

“हो.”

“आणि मला डोंगराचे फोटो पाठवत होतीस.”

“सांगितलं असतं तर काय केलं असतंस?” तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. “मी सांगत होते त्यांना, सोडा हे म्हणून, हळूहळू सांगत होते. दर वेळी म्हणायचे, हे शेवटचं. तू मधे पडली असतीस तर ते एक तर तुझ्याशी भांडले असते, नाहीतर भावाशी. आई, ते वाईट नाहीत.”

“मी वाईट म्हटलं का?”

“तू म्हणत नाहीस. तू नुसती बघतेस. लहानपणी माझं दप्तर असंच बघायचीस.”

मी पाणी प्यायले, हात धुतले, आणि त्या दिवशी तिच्या घरी जेवले. जावयाने वाढलं. कोणी नदीचं नाव काढलं नाही.

त्यानंतर त्याने भावाचे फोन घेणं बंद केलं, असं मुलगी म्हणाली. मी पडताळून पाहिलं नाही. पाहावंसं वाटलं, पण पाहिलं नाही.

द्राक्षांचा हंगाम संपायच्या आत एका दुपारी थोरला भाऊ स्वतःच आमच्या घरी आला. मोटारसायकलवर, मागे द्राक्षांची पेटी बांधून. यांना फार आनंद झाला. त्यांनी पेटी उघडली, एक घड धुवून आणला आणि पाहुण्याशेजारी बसून खायला लागले. मी हात लावला नाही.

“मावशी, भाऊ माझा फोन उचलत नाय,” तो म्हणाला. “तुम्ही काय सांगितलं त्याला?”

“काही नाही. मी फक्त बोल्ट आवळले.”

तो हसला. “सगळीच करतात हो. मी नाय केलं तर दुसरा करतो.”

“तुमचं तुम्ही बघा. त्याला त्यात ओढू नका.”

“ओढतो तो. आम्ही कुठं त्याला ओढतो?” हा विनोद त्याला स्वतःलाच आवडला. यांना काहीच माहीत नसल्यामुळे हेही हसले. मग तो जरा पुढे वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “एक सांगतो, मावशी. त्याला तेवढा भोळा समजू नका. गाडी उंच करायची आयडिया त्याचीच. मी एकदा बोलावला, तेवढाच. मागून तोच फोन करायचा, कुणाचं काय अडकलंय का म्हणून. त्याला नाद हाय, रुतलेलं काढायचा.”

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. डोळे थेट माझ्या डोळ्यांत होते. खरं बोलणारा तसं बघतो, आणि ज्याने खोटं नीट बसवलंय तोही तसंच बघतो. नोकरीत मी दोन्ही पाहिलेत.

“चहा घेणार?” मी विचारलं.

“नको. बागेत माणसं लावून आलोय.” जाताना त्याने यांना वाकून नमस्कार केला, मलाही केला.

मी जावयाला हे कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने काहीतरी सांगितलं असतं आणि मला त्यावर पुन्हा विचार करावा लागला असता. मुलीने मात्र तोडगा काढला. तिने जीप चालवायला घेतली. उंच गाडी, जड क्लच, पण सरळ चालते म्हणून तिला जमली. आता रोज कॉलेजला ती जीप नेते आणि सुट्टीच्या दिवशीही चावी तिच्या पर्समध्ये असते. जावई कंपनीत बसने जातो. तक्रार करत नाही, निदान माझ्यासमोर नाही.

मागच्या महिन्यात थोरल्या भावाच्या मुलीचा साखरपुडा झाला. आम्ही सगळे गेलो. मुलगी जीप चालवत होती, मी पुढे, पुरुष मागे. मांडवात पहिल्या पंगतीला दोघं भाऊ शेजारी शेजारी बसले होते, खांद्याला खांदा लावून. थोरला काहीतरी सांगत होता, आणि जावई मान खाली घालून हसत होता, हसता हसता त्याला ठसका लागला. इतक्या मोकळेपणाने हसताना मी त्याला आमच्या घरी कधी पाहिलं नव्हतं. मी जिलेबीचं ताट घेऊन त्यांच्यापाशी पोहोचले तसे दोघं गप्प झाले.

“वाढा, मावशी,” थोरला म्हणाला.

मी दोघांनाही वाढली, थोडी जास्तच, आणि पुढच्या पानाकडे वळले.